कप्तानाच्या डोक्यावरची कुंची

प्रिय अहो,

'प्रिय' मी मुद्दाम घालायला लावलंय; मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. मनीषा म्हणाली, "आई, नवऱ्याला लिहिताना पूर्वी काहीतरी वेगळं लिहायचे." म्हटलं, घाल प्रियच. उभ्या जन्मात तोंडावर म्हटलं नाही, आता कोण लाजणार आहे? तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "तब्येत बरी आहे ना गं?"

बरी आहे. जेवते, झोपते, गोळ्या घेते. रडले मात्र नाही अजून. तुम्हांला जाऊन वर्ष होत आलं. सुरुवातीला बायका येऊन समोर बसायच्या, आता रडेल मग रडेल म्हणून वाट बघायच्या. शेवटी मलाच त्यांची दया यायची आणि मी उठून चहा टाकायची. दाताचा डॉक्टर सुई टोचतो ना, मग गाल कसा होतो? आपलाच असतो, जागच्या जागी असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं झालंय.

मग आज हे पत्र कशाला? तर परवा बिस्वासबाबू बेहाल्याच्या आपल्या फ्लॅटवर येऊन गेले. तुमच्या चर्चचे सेक्रेटरी. त्यांना माझ्याकडून एक उत्तर हवंय, रविवारपर्यंत. उत्तर देण्याआधी तुमच्याशी जरा भांडून घ्यावं म्हटलं. तुम्ही आता मध्येच छत्री घेऊन बाहेर जाऊ शकत नाही, हा एक फायदा आहे.

"तुमचं चर्च" म्हटलेलं तुम्हांला आवडायचं, मला माहीत आहे. घरी गणपती बसवणारा, आरतीत सगळ्यांत बेसूर ओरडणारा माणूस, आणि रविवार आला की चर्चच्या दारात उभा! लोक मला विचारायचे, "तुमचे हे बाटले काय?" मी म्हणायची, "बाटले असते तर निदान रविवारी केक तरी घरी आला असता."

इकडे बंगालात येऊन गार्डन रीचला रेल्वेच्या हापिसात लागलात आणि डबा खायला नदीकडच्या त्या चर्चच्या आवारात जाऊन बसायला लागलात. सावली आहे म्हणून. तिथल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्र्याने तुम्हांला सांगितलं की विलायतेचा एक फार मोठा लेखक तान्हा असताना त्याचा बाप्तिस्मा इथेच झाला. झालं! दुसऱ्या कोणाला दारूचं, पत्त्यांचं वेड लागतं. तुम्हांला दुसऱ्याच्या बाळाचं लागलं.

त्या लेखकाचं नाव मला कधी धड घेता आलं नाही. मी त्याला 'तुमचं बाळ' म्हणायची. "आज कोण आलं होतं तुमच्या बाळाला बघायला?" असं विचारलं की तुम्ही जेवता जेवता तासभर सांगायचात. मला सगळं पाठ झालं होतं. नदीतून जहाजं आत आणणाऱ्या पायलटांनी आणि कंपनीच्या साहेबांनी ते चर्च बांधलं. छताला जी काळी लाकडं आहेत ती मोडलेल्या जहाजांची. घंटासुद्धा जहाजावरचीच. अर्धी दफनभूमी नदीने कधीच गिळली. साहेब लोक गेले, मग बंगाली ख्रिस्ती कुटुंबं राहिली, आणि आता रविवारी आत प्रार्थना चालू असते तेव्हा बाहेर बायका इलिश मासा किती महाग झाला ते बोलत असतात.

आणि खोटं म्हणून चालायचं नाही तुम्हांला! तो एक गाइड पाहुण्यांना सांगायचा, या झाडाखाली बसून साहेबाने पहिलं पुस्तक लिहिलं. तुम्ही छत्री रोखून त्याच्यावर धावून गेला होतात. "अहो, तो चालायला लागला तोवर त्याचा बाप वारला आणि आई त्याला घेऊन विलायतेला गेली. पुस्तक कधी लिहिलं? रांगता रांगता?" तो गाइड त्यानंतर तुम्हांला बघून रस्ता बदलायचा. घरी येऊन म्हणालात, "ज्याचा पुरावा नाही तो शब्द या आवारात मी उच्चारणार नाही आणि कोणाला उच्चारू देणार नाही."

हो ना? मग आता ऐका.

पण आधी दुसरं सांगावं लागेल, नाहीतर मनीषाला काय लिहितेय तेच कळायचं नाही.

मनीषा, विजयच्या आधी मला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली. लिही.

(तिने पेन खाली ठेवलंय. तुमची सून माझ्याकडे बघतेय.

"आई, विजयला माहीत आहे?"

"नाही."

"कोणालाच?"

"ह्यांना माहीत होतं. लिही तू, मग विचार."

हेही लिही म्हटलं. लिहितेय ती. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घ्या.)

आपण तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. घरात दोघंच. माझी आई साताऱ्याहून निघाली होती, ती पोचायच्या आधीच सगळं आटपलं. इतक्या लहानाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. तुम्ही तिला माझ्या जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेलात. आलात ते आंघोळ करूनच, केस ओले. मला म्हणालात, "काही खाल्लंस का?"

बस. एवढंच. कुठे ठेवलंत तिला, बरोबर कोण होतं, माती कोणी लोटली, एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही उठून घड्याळाला चावी देत बसलात. ते घड्याळ चाललेलं होतं.

मी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. एवढं बोलणारा माणूस! छताच्या लाकडावर तासभर बोलायचा.

मग पुढच्या थंडीत तुम्ही मला म्हणालात, "चल, तुला एक दाखवतो." पहिल्यांदाच मला चर्चच्या आवारात नेलंत. मागच्या भिंतीशी, कामिनीच्या झुडपाखाली, एक छोटासा दगड होता. माझ्या गुडघ्याएवढा. शेवाळ आलेलं. म्हणालात, "ही त्या लेखक साहेबाची धाकटी बहीण. इथेच झाली, इथेच गेली." मग उकिडवे बसलात, दगडावर बोट फिरवलंत आणि मला मराठीत वाचून दाखवलंत:

"इथे आमची लेक निजली आहे. तिला जग बघायला वेळ मिळाला नाही. येणाऱ्याने हळू चालावं."

मी अडाणी आहे, खुळी नव्हते. मला तुम्ही कशाला तिथे नेलंत ते तेव्हाच कळलं. आपल्या मुलीचा दगड नाही, म्हणून दुसऱ्या कोणाच्या मुलीचा उसना आणलात. मला काही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, ती साहेबाची बाई बरी असणार. "हळू चालावं" असं लिहिणाऱ्या बाईजवळ आपली पोर खेळायला गेली तरी चालेल. त्या दिवसापासून मी तिथे चपला हातात घेऊन चालायची.

थंडीचे दिवस होते, आणि दगडाचं डोकं उघडं. दुसऱ्या वर्षी मी कुंची शिवून नेली. खणाची, पाठीवर झूल सोडलेली, कडेला गोंडे. बारशाला घालायची शिवलीच नव्हती ना तोवर. ती दगडाच्या डोक्यावर घातली. अगदी बरोबर बसली! तुम्ही बघत राहिलात आणि छत्री उघडली. ऊन होतं म्हणून असेल.

मग दर थंडीत एक. खण साताऱ्याहून मागवायचा, दुपारी शिवायची, आपण दोघं जायचं, तुम्ही वाचायचं, मी ऐकायचं. दर वेळी तेच शब्द, एक इकडचा तिकडे नाही. तुम्ही मला अक्षरं शिकवायला किती मागे लागला होतात! मी म्हणायची, "वाचणारा घरात असताना मी कशाला डोळे फोडू?"

कुंच्यांचं पुढे काय झालं ते तुम्हांला माहीतच आहे. कावळे गोंडे ओढायला लागल्यावर तुमच्या चर्चमधली शेफालीदी त्या उचलून नेऊन धुऊन ठेवायला लागली. मग तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला तिने त्यातली एक घातली. ते पोर पाणी पडलं तरी रडलं नाही. झालं, सगळ्या चर्चमध्ये बोभाटा! आता त्या संगमरवरी कुंडापाशी जे तान्हं येतं ते 'माशीमाची टोपी', म्हणजे या मावशीची टोपी, घालूनच येतं. बंगाली ख्रिस्ती बाळं, साताऱ्याचा खण. तुमच्या इतिहासात हे कधी सांगितलंत का हो पाहुण्यांना? नाही. पुरावा नव्हता म्हणाल.

तर बिस्वासबाबू आले. चर्चचा मोठा वाढदिवस येतोय, आवार साफ करताहेत, दगडांपाशी माहितीचे फलक लावायचेत. ते बंगालीत बोलतात, मी माझ्या बंगालीत, म्हणजे अर्धं हिंदी. चहा झाला. कपाशी चाळा करत बसले.

"माशीमा, तो मागचा दगड कलला होता ना. सरळ करायला मजुरांनी खणायला घेतलं."

"मग?"

"खणतच राहिले. दगड संपेना. इथली माती मऊ, तो खाली खाली गेलेला. बाहेर काढला तर तुमच्याहून उंच आहे."

"मोठ्या घरची मुलगी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "माशीमा, तो एका कप्तानाचा आहे. नदीचा पायलट होता. पन्नाशी उलटून गेला. तापाने."

मी म्हटलं, मग बहिणीचा दगड दुसरा असेल. शेजारचा.

"साहेबाला बहीण नव्हतीच. तो एकटाच. दादाच आम्हांला सांगायचे."

"दादा सांगायचे?" तुम्हांला ते दादा म्हणतात.

"नेहमी. पाहुण्यांनासुद्धा. आणि दगडावर कप्तान हा शब्द वरच्याच ओळीत आहे, पूर्वीपासून दिसायचा. आम्हांला वाटायचं, बायका बहीण-बहीण करतात ते त्यांचं त्यांचं."

मी त्यांना विचारलं, "चहा घेणार?" त्यांच्या हातात कप होता.

म्हणजे साऱ्या जगाला खरं आणि मला एकटीला खोटं! मी इतकी वर्षं एका मिशाळ दर्यावर्दी बाप्याला खणाची कुंची घालत होते, गोंड्यांची! आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघत होतात! हसू कसं दाबलंत? की म्हणूनच छत्री? त्या बिचाऱ्या कप्तानाला तरी काय वाटलं असेल? जन्मभर तुफानातून जहाजं आणली आणि मेल्यावर दर थंडीत एक मराठी बाई येऊन अंगडं-टोपडं करते. आणि मी त्याच्यासाठी चपला काढून हळू चालायची. तोफ उडाली असती तरी तो उठला नसता.

बिस्वासबाबू माणूस चांगला आहे. म्हणाले, "माशीमा, बायकांचं म्हणणं आहे, बहीणच लिहा. 'असं सांगितलं जातं' एवढं घालू, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. लोकांनाही आवडतं, लेखकाची छोटी बहीण. तुम्ही म्हणाल तसं करतो. तुम्हीच सुरू केलंत ना ते?" मग हळूच म्हणाले, "तुम्हांला तिथे यायला एक जागा राहील."

त्यांना कसं कळलं? शेफालीदीने ओळखलं असणार. बायकांना कळतं. तुम्हांला वाटत होतं, आपल्या दोघांतच आहे.

मी म्हटलं, रविवारी सांगते.

काल मनीषाला घेऊन ऑटोने गेले. खरंच उंच आहे हो. धुतलाय, पांढरा पडलाय. पायाशी खड्डा, चिखल, मजुरांची घमेली. मनीषाने मला इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं: कोणत्या गावचा, किती जहाजं आणली, बायकोने दगड बसवला. मी म्हटलं, "नीट बघ, खाली काही आहे का? लेक, निजली, हळू चालावं, असलं?"

"नाही आई. कुठेच नाही."

मी हात फिरवून बघितला. अक्षरं बोटांना लागत होती. काही वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडी थांबलेसुद्धा. पलीकडे जहाजांच्या कारखान्याचा भोंगा झाला, मजूर जेवायला बसले. मनीषा म्हणाली, "आई, जायचं?" मी म्हटलं, चला.

ऑटोत बसल्यावर आलं माझ्या ध्यानात. घराजवळच्या सिग्नलला. वेडी मी, दोन दिवस खोट्याचाच विचार करत होते. दगडावर नव्हतं, साहेबाच्या आईने लिहिलं नव्हतं, तर मग ते शब्द कोणाचे?

तुमचे ना?

म्हणजे तुम्ही बोलत होतात! दर थंडीत, उकिडवे बसून, दगडावर बोट फिरवत, तुम्ही आपल्या पोरीबद्दल बोलत होतात आणि मी कोणा मडमेचे शब्द म्हणून ऐकत होते. "तिला जग बघायला वेळ मिळाला नाही." एवढं मोठं वाक्य! आणि मी मनात म्हणायची, बघा, ती परकी बाई किती बोलली आणि हा माझा नवरा दगड. किती वर्षं तुमच्यावर राग धरला, त्याच शब्दांवरून! सरळ सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुम्हांला? "अगं, मला असं वाटतं," एवढं म्हणायचं, पुढे तेच बोलायचं. त्यासाठी एक मेलेला कप्तान मध्ये कशाला घालावा लागला?

मनीषा विचारते, आई पाणी देऊ का? नको म्हटलं. मला काही झालेलं नाही. फक्त त्या सुईचा असर उतरताना गालाला मुंग्या येतात, तसं काहीतरी आहे.

बिस्वासबाबूंना काय सांगायचं ते आता सांगते. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. बहीण नव्हती. फलकावर बहीण नको. 'असं सांगितलं जातं' वगैरे काही नको. कप्तानाचं नाव घाला, त्याच्या बायकोने हौसेने दगड बसवलाय, तिचं तिला मिळू दे. उद्या तुम्ही छत्री रोखली होतीत तो गाइड परत येईल आणि पाहुण्यांना म्हणेल, बघा, तो म्हातारा स्वतःच थापा मारायचा. ते मी होऊ देणार नाही. त्या आवारात तुम्ही पाहुण्यांना एकही खोटा शब्द सांगितला नाही, ते तसंच राहील. आणि जे मला सांगितलंत ते माझं आहे, ते फळ्यावर कशाला?

जागा जाईल, हे मला कळतंय. यंदाची कुंची शिवून झालेली आहे, हिरवा खण आहे. ती मी कप्तानाला घालणार नाही. एक तर आता माझा हात पोचायचा नाही. शेफालीदीच्या धाकट्या मुलीला मुलगा झालाय, नाताळच्या आधी त्याचा बाप्तिस्मा आहे, त्याला देईन. मी कुंडाजवळ उभी राहणार आहे. आजवर मी बाप्तिस्म्याच्या वेळी आत गेले नाही, तुम्हांला कारण माहीत होतं का? पाद्री पाणी घालतात आणि मोठ्याने बाळाचं नाव घेतात. मला ते ऐकवायचं नाही. तुमच्या बाळालासुद्धा तिथेच नाव मिळालं, आणि मग साऱ्या जगाने ते घेतलं. आपली बारशाआधी गेली. तिला ना तुम्ही हाक मारलीत, ना मी. आपण दोघंही तिला 'ती'सुद्धा म्हणालो नाही.

पण नाव होतं. बारशाला कानात सांगायचं म्हणून मी मनात ठरवून ठेवलं होतं. तुम्हांला बोलले नाही. बघा, म्हणजे मीही काही कमी नाही!

तर हे वचन घ्या. रविवारी चर्चमधून आल्यावर मी विजयला समोर बसवीन आणि सांगीन की त्याला मोठी बहीण होती. चिडेल, इतकी वर्षं का लपवलंत म्हणेल. म्हणू दे. घड्याळाला चावी द्यायला मी उठणार नाही. त्याला तुमचे ते शब्दही सांगीन, तुमचे म्हणून सांगीन, आणि तिचं नाव मोठ्याने घेईन, बाहेर जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्याच्या आधी तुम्हांला कळायला हवं, बाप आहात, म्हणून हे पत्र. मनीषा खाली लिहील आणि मी अंगठा लावीन.

तुमची,
वेणूची आई